चष्मा कोठे घ्यावा?

कुटुंबात एखादा दागिना करावयाचा असला म्हणजे आपण केवढी काळजी घेतो! सराफ पिढीजात ओळखीचा असला तरी सोन्याचा कस पाहतो, वजन डोळ्यांदेखत करून घेतो, घडणावळीची घासाघीस करितो आणि पावती कपाटात जपून ठेवितो. साडी घेतानाही पदर उलगडून व पोत उजेडात धरून पाहण्याची आपल्या घरांतील स्त्रियांना सवय असते. चष्म्याच्या बाबतीत मात्र ही सारी सावधगिरी घरीच ठेवून आपण दुकानाची पायरी चढतो. फ्रेम तोंडाला शोभते की नाही एवढे आरशात पाहिले आणि किंमत थोडी उतरवून घेतली, की खरेदी संपली. काच आपल्याच डोळ्यांच्या मापाची आहे किंवा कसे, हे पारखण्याचे साधन आपल्यापाशी नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते साधन पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. ते कोणते, आणि त्यावरून चष्मा कोठे घ्यावा हे कसे ठरवावे, एवढाच विचार या लेखात करावयाचा आहे.

चष्मा आपल्या देशात आजकालचा नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याच्या इतिहासावर एक साक्षेपी निबंध लिहिला आहे. विजयनगरच्या राजांनी ज्यांना गुरुस्थानी मानिले, ते माध्व संप्रदायाचे आचार्य व्यासराय ग्रंथवाचनासाठी उपनेत्र वापरीत, असा सोळाव्या शतकातील उल्लेख त्यात आला आहे. मराठीने तर या परक्या वस्तूस 'चाळिशी' हे अगदी घरगुती नाव देऊन टाकले. नाव मोठे मार्मिक आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते, जवळचे अक्षर अंधुक होते आणि पोथी हातभर लांब धरावी लागते. हा रोग नव्हे. हे सर्वांनाच होते. परंतु या सुबक नावाने एक घोटाळाही करून ठेविला आहे. चष्मा म्हणजे वयाच्या हिशेबाने मिळणारी एक ठरावीक वस्तू, चाळिसाव्या वर्षी एक नंबर, पन्नासाव्या वर्षी दोन, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. खरे पाहता चष्मा हा मापाचा जिन्नस आहे. पायातील वहाणेपेक्षाही त्याचे माप नाजूक असते. आणि ज्या दुकानात माप घेत नाहीत ते दुकान कितीही झगमगीत असले तरी चष्म्याचे दुकान नव्हे, एवढे एकच सूत्र वाचकांनी मनाशी बाळगिले तरी पुष्कळ झाले.

एक घर, पाच चष्मे

उदाहरणादाखल देवगाव रंगारी येथील एखाद्या एकत्र कुटुंबाची कल्पना करू. वेरूळच्या पश्चिमेस, कन्नड तालुक्यातील हे गाव. भोवतालचा मुलूख कापूस, मका व आले पिकविणारा. तालुक्याचे ठिकाण कन्नड, जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर. ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे, त्या गावाला डोळ्याच्या पारखीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आपल्या या कल्पनेतील घरात मधुमेहाचे पथ्य सांभाळणारे आजोबा आहेत. तांदूळ निवडताना व पोथी वाचताना अडखळणाऱ्या आजी आहेत. शाळेत शिकविणारी आणि चाळिशी ओलांडलेली थोरली सून आहे. दिवसभर संगणकापुढे काम करणारा, लहानपणापासून चष्मा असलेला धाकटा मुलगा आहे. आणि इयत्ता सातवीत गेलेली नात आहे, जिला फळ्यावरचे नीट दिसत नाही, परंतु ते तिचे तिलाच कळलेले नाही. मास्तरांच्या मते तिचे लक्ष नसते.

एका घरात पाच चष्म्यांची गरज आणि पाचही निरनिराळ्या जातीचे. त्यांच्यापुढे वाटा चार: बाजारात मिळणारा तयार चष्मा, तालुक्याच्या गावातील दुकान, जिल्ह्याच्या शहरातील मोठे दुकान, आणि मोबाईलवरून मागविलेला चष्मा. यांतील कोणती वाट कोणी धरावी, हा खरा प्रश्न आहे. 'सर्वांत चांगले दुकान कोणते?' हा प्रश्न त्यामानाने फोल होय.

आधी डोळे, मग चष्मा

दुकान निवडण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. नंबर काढणे निराळे आणि डोळे तपासणे निराळे. यंत्रापुढे हनुवटी टेकवून मिनिटभरात जो आकड्यांचा कागद बाहेर पडतो, तो केवळ अंदाज असतो. त्यानंतर एकेक काच डोळ्यापुढे बदलून, 'हे स्पष्ट की ते?' असे विचारीत नंबर पक्का करावयाचा असतो. लहान मुलांच्या बाबतीत तर यंत्र हमखास फसते. कारण जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगावर ताण देण्याची त्यांची शक्ती फार मोठी असते. म्हणून डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून, तो ताण सैल करून, मग नंबर काढितात.

याहून महत्त्वाचे असे की, नंबर अचूक असला म्हणजे डोळा निरोगी असतोच असे नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. बाजूची दृष्टी हळूहळू खात येतो, आणि पुष्कळ दिवसपर्यंत समोरच्या तक्त्यावरील शेवटची ओळही रोग्यास वाचता येते. गेलेली दृष्टी मात्र परत मिळत नाही. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. शिवाय रक्तातील साखर वरखाली झाली की नंबरही वरखाली होतो. साखर भडकलेली असताना काढलेल्या नंबराचा चष्मा साखर आटोक्यात येताच निरुपयोगी ठरावयाचा. यास्तव आपल्या उदाहरणातील आजोबांनी आधी साखर स्थिर करावी, डोळ्याचा दाब व पडदा तपासून घ्यावा, आणि मगच चष्म्याच्या दुकानाचा विचार करावा. चाळिशीनंतर प्रत्येकाने आणि मधुमेह असणाऱ्याने दरसाल नेत्रतज्ज्ञाकडे जाणे हे चष्म्याच्या खर्चापेक्षा अधिक निकडीचे आहे.

ही तपासणी दुर्लभ नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सारा मुलूख त्याला 'घाटी' याच नावाने ओळखतो, आणि तेथे नेत्रविभाग आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू असून त्याखाली गरजू शाळकरी मुलांना चष्मे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून मुलांची तपासणी होते. मुलाने शाळेतून अशा तपासणीची चिठ्ठी आणली, तर ती दप्तरात चुरगळू न देता त्याच आठवड्यात तिचा पाठपुरावा करावा.

दुकानात नंबर काढणारा मनुष्य प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट असेल, तर त्याने काढलेला नंबर खुशाल विश्वसनीय मानावा. या विद्येचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय नियमनाच्या कक्षेत आणिला आहे. भिंतीवर प्रमाणपत्र आहे की नाही हे पाहण्यात व विचारण्यात संकोच कसला? मात्र रोगाचे निदान हे डॉक्टरांचे काम आहे, आणि 'चष्मा घ्या, तपासणी फुकट' या पाटीखाली ते होत नसते. तपासणी जेथे कराल तेथून नंबराचा कागद मागून घ्यावा. तपासणाऱ्याच्या शेजारीच दुकान असले तरी चष्मा तेथेच घेतला पाहिजे असे बंधन कोणावरही नाही.

कागदावरील आकडे

हा कागद वाचता येऊ लागला की अर्धी लढाई जिंकली. उजव्या व डाव्या डोळ्याचे आकडे निराळे लिहिलेले असतात. आकड्यामागे वजा असेल तर दूरचे अंधुक दिसते. अधिक असेल तर काच त्याच्या उलट जातीची. वजा दोन याचा अर्थ असा की, चष्म्याशिवाय त्या डोळ्यास अर्ध्या मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. वजा चार असल्यास पाव मीटरपलीकडचे. त्यापुढे 'सिलिंडर' व 'अक्ष' असे दोन आकडे असतील, तर डोळ्याच्या पुढील पृष्ठाची वक्रता सर्व दिशांना सारखी नाही असे समजावे. सिलिंडर म्हणजे दोष किती, आणि अक्ष म्हणजे तो कोणत्या अंशात.

दुकानाची खरी परीक्षा या अक्षावर होते. काच फ्रेममध्ये बसविताना अक्ष १० अंशांनी चुकला, तर त्या दोषाचा सुमारे तिसरा हिस्सा तसाच शिल्लक राहतो; ३० अंशांनी चुकला, तर सिलिंडर घालून न घातल्यासारखेच होते, उलट दुसऱ्याच दिशेचा दोष पदरात पडतो. नंबर बरोबर, काच बरोबर, फ्रेम महागडी, आणि तरीही डोके दुखते, याचे कारण पुष्कळदा येथे असते.

दुसरे माप दोन बाहुल्यांमधील अंतराचे. प्रौढ माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरांच्या दरम्यान असते. काचेचा मध्य नेमका बाहुलीसमोर आला पाहिजे. चार नंबरची काच बाहुलीपासून अवघी ५ मिलिमीटर सरकून बसली, तर मीटरभर अंतरावरील वस्तू २ सेंटिमीटर बाजूस भासते. दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवून घेण्यासाठी स्नायूंना दिवसभर ओढाताण करावी लागते. हा आकडा पुष्कळदा कागदावर नसतो. तो दुकानदाराने घ्यावयाचा असतो, आणि घेतला नाही तर आपण मागावयाचा असतो.

चार वाटांची पारख

आता त्या चार वाटांकडे वळू. बाजारातील तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात, सिलिंडर नसतो, आणि बाहुल्यांमधील अंतर कारखान्याने कल्पिलेले असते. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत व ज्यांना केवळ जवळचे अंधुक दिसते, त्यांना सुईत दोरा ओवावयास किंवा धान्य निवडावयास तो चालतो. त्याने डोळे बिघडतात ही समजूत खरी नव्हे. साध्या चाळिशीच्या चष्म्याचे मोल कमी लेखू नये. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील ७५१ मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळच्या नजरेचा चष्मा मिळाला, त्यांच्या पाने खुडण्याच्या कामात, तो न मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे २२ टक्क्यांची अधिक वाढ दिसून आली. तेव्हा आपल्या आजींचे डोळे तपासून मोतीबिंदू व काचबिंदू नाहीत अशी खात्री झाली, आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा निघाला, तर देवघरात एक आणि स्वयंपाकघरात एक असे दोन स्वस्त चष्मे त्यांनी अवश्य ठेवावेत. तयार चष्म्याचा धोका काचेत नसून त्या सोयीत आहे. कारण तो मिळाला की तपासणी पुढे ढकलली जाते.

तालुक्याच्या दुकानाचे सामर्थ्य त्याच्या जवळिकीत आहे. चष्मा एकदा घेऊन संपत नाही. दांडी सैल होते, नाकावरील गादी पिवळी पडते, स्क्रू हरवतो, आणि मुलांच्या चष्म्यांचे हाल तर विचारूच नयेत. फ्रेम जराशी वाकली तरी काचेचा मध्य बाहुलीवरून ढळतो. म्हणून सातवीतील नातीचा चष्मा जवळच्या, हाकेला येणाऱ्या दुकानात घ्यावा. नंबर डॉक्टरांनी थेंब घालून काढलेला असला आणि दुकानदार माप नीट घेत असला, म्हणजे झाले. काच शहरातून घासून येते याबद्दल नाराज होण्याचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी तीच रीत आहे.

शहरातील दुकानांची, म्हणजे संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार अशा पेठांतील दुकानांची, गरज केव्हा? नंबर मोठा असेल, दोन डोळ्यांत फार अंतर असेल, किंवा एकाच काचेत दूर-मध्य-जवळ अशा तिन्ही नजरा देणारी प्रोग्रेसिव्ह काच हवी असेल तेव्हा. वर्गात फळा, बाकावरील मुले आणि हातातील वही अशा तीन अंतरांवर पाहावे लागणाऱ्या थोरल्या सुनेस ही काच सोयीची. एकाच काचेत दोन नजरा देणाऱ्या बायफोकलचा उल्लेख बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ सालच्या पत्रात केला होता. मधली रेघ नसलेली प्रोग्रेसिव्ह काच फ्रान्समध्ये १९५९ साली बाजारात आली. तिच्यात स्पष्ट दिसण्याचा पट्टा अरुंद असतो आणि दोन्ही कडांस अंधुकपणा असतोच. पट्टा बाहुलीच्या उंचीस बरोबर जुळला नाही, तर महागात महाग काचही फुकट. ही उंची फ्रेम चेहऱ्यावर चढवून, ग्राहकास सरळ समोर पाहावयास सांगून, काचेवर पेनाने ठिपका देऊन घेतात. जो दुकानदार हा ठिपका देत नाही, त्याच्याकडे ही काच घेऊ नये.

मोबाईलवरून मागविलेला चष्मा सर्वस्वी टाकाऊ नव्हे. ज्याचा नंबर लहान व स्थिर आहे, बाहुल्यांचे अंतर मोजलेले माहीत आहे, आणि ज्यास एक जादा चष्मा हवा आहे, अशा धाकट्या मुलासारख्यास तो परवडतो. परत घेण्याची अट मात्र आधी वाचून ठेवावी. मुलांचा, मोठ्या नंबरचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा मात्र चेहरा न पाहता करणे हे अंगाचे माप न घेता सदरा शिवण्यासारखे आहे.

चांगले दुकान कसे ओळखावे

दुकान कोणत्याही गावचे असो, काही खुणा सर्वत्र सारख्या असतात. चांगला चष्मेवाला आधी तुमच्या कामाविषयी विचारतो: काय वाचता, किती अंतरावर वाचता, रात्री गाडी चालविता काय? बाहेरून आणलेला नंबराचा कागद पाहून तो तोंड वाकडे करीत नाही. दोन्ही डोळ्यांचे माप निरनिराळे घेतो. पावतीवर काचेची जात, बनावट व लेप लिहून देतो. तयार चष्मा लेन्सोमीटर या यंत्रावर ठेवून नंबर व अक्ष तुमच्या कागदाशी ताडून दाखवितो. शेवटी चष्मा तुमच्या नाकावर व कानांमागे स्वतः बसवून, मान खाली घालावयास सांगून, घसरतो की काय ते पाहतो.

याच्या उलट, 'काका, दोन दिवसांत सवय होईल' एवढे बोलून जो पैसे मोजू लागतो, त्याच्याशी तेथेच थांबून बोललेले बरे. नव्या सिलिंडरची किंवा प्रोग्रेसिव्हची सवय होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात हे खरे. परंतु एका डोळ्यास अंधुक दिसणे किंवा एका वस्तूच्या दोन दिसणे हा सवयीचा प्रश्न नव्हे. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विचारून ठेवावे, की नंबर न जुळल्यास काच बदलून मिळेल ना? आणि होकार आला तर तो पावतीवर लिहून घ्यावा.

पैसा कोठे घालावा

एकत्र कुटुंबात पाच चष्मे म्हणजे खर्च लहान नव्हे. म्हणून पैसा कोठे घालावा आणि कोठे वाचवावा हे ठाऊक असावे. फ्रेमच्या नावावर फार पैसा घालू नये. ती हलकी, नाकावर नीट बसणारी आणि दुरुस्त होणारी असली की पुरे. आपण अजून 'काच' म्हणत असलो तरी हल्ली बहुतेक चष्म्यांत प्लास्टिकचेच भिंग असते. लहान नंबरला साधे १·५० वक्रीभवनांकाचे प्लास्टिक उत्तम. नंबर मोठा असेल तर १·६० किंवा १·६७ चे पातळ भिंग घ्यावे, म्हणजे कडा जाड दिसत नाहीत व वजनही बेताचे राहते. मुलांना, आणि जेथे काही उडून डोळ्यास लागण्याचा संभव आहे अशा कामास, सहज न फुटणारे पॉलिकार्बोनेट द्यावे. प्रकाश परावर्तित न होऊ देणारा लेप रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांत उपयोगी पडतो; त्यावरील खर्च योग्य आहे.

संगणकाच्या 'निळ्या प्रकाशापासून बचाव' करणाऱ्या भिंगाचा मात्र मोह आवरावा. या विषयावरील १७ प्रयोगांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला, आणि अशा भिंगांमुळे डोळ्यांचा शीण साध्या भिंगांपेक्षा कमी होतो असे त्यात दिसून आले नाही. धाकट्या मुलाने त्या पैशांत जादा चष्मा घ्यावा आणि कामात मधून मधून खिडकीबाहेर दूर पाहावे. आणखी एक गोष्ट: दृष्टिदोषाच्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. 'पावतीशिवाय घ्या, स्वस्त पडेल' या म्हणण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. आणि पावती हेच पुढे आपले शस्त्र आहे.

घरी आल्यावर पडताळा

आरंभी ज्या साधनाचा उल्लेख केला ते हे. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहावी. चष्मा हळूहळू डावी-उजवीकडे हलविला असता कड चष्म्याच्याच दिशेने सरकली तर काच वजा, उलट दिशेने सरकली तर अधिक. आता चष्मा घड्याळाच्या काट्याप्रमाणे थोडा फिरवावा. कड काचेत तिरपी होऊन बाहेरच्या कडेपासून तुटल्यासारखी दिसली, तर त्या काचेत सिलिंडर आहे; तशीच सरळ राहिली तर नाही. कागदात उजव्या डोळ्यास सिलिंडर आणि हाती आलेल्या चष्म्यात तो डाव्या काचेत, अशी अदलाबदल झालेली असल्यास ती येथे लागलीच उघडी पडते. एकसंध कड मध्येच लहरीसारखी वाकडी दिसली, तर भिंगात दोष समजावा. ही परीक्षा दहा वर्षांच्या मुलालाही करता येते, आणि मुले ती मोठ्या आवडीने करितात.

अचूक आकडा मात्र यावरून कळत नाही. त्यासाठी नंबर ज्यांनी काढून दिला त्यांच्याकडेच नवा चष्मा घेऊन जावे आणि यंत्रावर ताडून घ्यावा. दोन मिनिटांचे काम असते. चूक निघाली तर दुकानदारास पावतीसह शांतपणे दाखवावी. भला दुकानदार काच बदलून देतो. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

घरातील रांग

शेवटी एक अवघड गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या घरांत चष्म्याची एक रांग असते. कमावत्या पुरुषाचा चष्मा आधी होतो, मग परीक्षेस बसणाऱ्या मुलाचा. सुना 'पुढल्या महिन्यात पाहू' म्हणतात, आणि आजी आजोबांचा जुना चष्मा दोऱ्याने बांधून वापरतात. मुलींच्या बाबतीत तर 'चष्मा लागला तर स्थळे कशी येतील?' ही धास्ती अजूनही काही घरांत पुरती गेलेली नाही. 'चष्मा लावला की नंबर वाढतो' ही समजूत तिच्या मदतीस धावून येते. ती निराधार आहे. नंबर वाढतो तो वाढत्या वयातील डोळ्याच्या वाढीमुळे. त्याचे खापर चष्म्यावर फोडू नये.

या रांगेची किंमत मोठी आहे. लहान मुलाच्या एका डोळ्यास मोठा नंबर असून तो वेळीच सुधारला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले नाहीत, तर पुढे कितीही चांगला चष्मा दिला तरी त्या डोळ्याची दृष्टी पुरी सुधारणे कठीण होते. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात निदान २२० कोटी लोकांची दृष्टी कमी आहे, आणि त्यांपैकी निदान १०० कोटींचा दोष टाळता येण्याजोगा होता किंवा अद्याप दूर करता येण्याजोगा आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना हवा आहे तो एक साधा, जवळच्या नजरेचा चष्मा. हे आकडे दूरच्या देशांचे नव्हेत. त्यांतील एखादा आपल्याच माजघरात तांदूळ निवडीत बसलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

सबब आमची सूचना अशी. वर्षातून एक दिवस, शाळेच्या सुट्टीत, घरातील सर्वांचे डोळे एकाच वेळी तपासून घ्यावेत. आजींपासून धाकट्या नातवंडापर्यंत कोणीही वगळू नये. प्रत्येकाचा नंबराचा कागद एका वहीत चिकटवावा, बाहुल्यांचे अंतर शेजारी लिहावे, पावत्या त्याच वहीत ठेवाव्यात. मग आजींचे स्वस्त चष्मे बाजारातून येवोत, नातीचा कन्नडहून, थोरल्या सुनेचा संभाजीनगरहून, की धाकट्याचा मोबाईलवरून. आजोबांनी साखर स्थिर झाल्यावर डॉक्टर सांगतील तसे करावे. दुकान कोठले, हा प्रश्न आपोआप दुय्यम होईल. कारण माप आपल्या वहीत असेल, आणि पडताळून पाहण्याची दाराची चौकट प्रत्येक घरात आहेच.